केबिन थंड झाली, आता कॉम्प्रेसरचे बघा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली



१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकला वातानुकूलित केबिन असलीच पाहिजे, असा नियम आपल्या खात्याने केला. जून २०२३ मध्ये या फाइलवर सही केल्याचे सांगताना ४३ ते ४७ अंशांच्या उन्हात ट्रक हाकणाऱ्या चालकांचे हाल आपण बोलून दाखवले होते. मंत्री झाल्यापासून हे मनात होते, पण खर्च वाढेल म्हणून काही जण आडवे आले, हेही सांगितले होते. आपल्यासारख्या नागपूरच्या माणसाला मे महिना समजावून सांगावा लागत नाही. नियम उत्तम आहे. हे पत्र त्याच्या पुढच्या प्रश्नासाठी आहे : या ट्रकांचे एसी बिघडतील तेव्हा ते कोण उघडणार, कशाने उघडणार आणि आतला गॅस जाणार कुठे?

नियम नव्या केबिनपुरता बोलतो. ती भारतीय मानक १४६१८ प्रमाणे तपासली जाते, उत्तीर्ण होते आणि ट्रक विक्रीला जातो. त्यानंतर तो महिनोन् महिने धूळ, खड्डे आणि इंजिनाची थरथर सोसतो. गाडीचा एसी घरातल्या एसीसारखा भिंतीवर गप्प बसलेला नसतो. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, कंडेन्सर थेट समोरचा वारा, चिखल आणि किडे झेलतो, आणि हे सगळे भाग रबरी नळ्यांनी व छोट्या ओ-रिंगांनी एकमेकांना जोडलेले असतात. तो कधी ना कधी बिघडणारच. कारच्या मालकाला स्वतःलाच घाम फुटतो, म्हणून तो त्याच आठवड्यात गॅरेज गाठतो. ट्रकमध्ये घाम चालकाला आणि बिल मालकाला. त्यातून एसी चालवला की डिझेल जास्त जाते, हे मालकाच्या डोक्यात पक्के बसलेले. दुरुस्तीच्या यादीत टायर, क्लच आणि ब्रेक लायनरनंतर एसीचा नंबर कधी लागेल, हे कोणत्याही ट्रान्सपोर्टनगरात विचारून पाहावे.

आणि नंबर लागला तरी पुढे काय होते?

उन्हाळ्याच्या तोंडावर हायवेकडेच्या गॅरेजात हे दृश्य हमखास दिसते. चालक सांगतो, "हवा येते, पण गार येत नाही." एसीवाला गेज लावतो, काटा बघतो आणि निकाल देतो, "गॅस कमी आहे. काढून नवीन मारू." सर्व्हिस पोर्टचे टोपण निघते, आतली पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबली जाते आणि फुस्स करून पांढरट वाफ बाहेर पडते. तिच्याबरोबर तेलाचे बारीक तुषार येतात, म्हणून वर एक फडके धरलेले असते. पाच-दहा मिनिटे व्हॅक्यूम पंप फिरतो. मग नव्या कॅनमधला गॅस, पाइप हाताला गार लागेपर्यंत. दीड-दोन हजार रुपये होतात आणि चालक खूश होऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी, तेच वाक्य.

या पंधरा-वीस मिनिटांत चुकले नाही असे फारसे काही नाही. गंमत म्हणजे त्यात लबाडी थोडी आणि कुणी न शिकवलेले जास्त आहे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकातून सुटताच त्याचा दाब पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनची उष्णता ओढून पुन्हा वायू होतो. फेरी पूर्ण, गॅस तेवढाच. थोडासा रबरातून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून झिरपतो, हे खरे. पण किती? युरोपीय संघाने २००६ साली मोटारींच्या एसीसाठी जो कायदा केला, त्यात एका कॉइलच्या यंत्रणेला वर्षाला ४० ग्रॅम गळतीची कमाल मर्यादा घातली. छोट्या-मध्यम कारमध्ये साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस असतो. धडधाकट यंत्रणेला दरवर्षी गॅस भरावा लागण्याचे काही कारणच नाही. लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधण्याऐवजी तिला दरसाल खुराक दिला जातो आहे.

आता त्या गेजबद्दल. इंजिन बंद असताना काटा बघून गॅस किती आहे हे कळत नाही, कारण बंद यंत्रणेत द्रवाचा थोडासा अंश शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांच्या दुपारी आर-१३४ए गॅसचा दाब ११५ पौंडांच्या आत-बाहेर दिसणार, मग आत पाचशे ग्रॅम असो की दोनशे. घरातल्या गॅस सिलिंडरची शेगडी शेवटच्या दिवसापर्यंत तशीच पेटते, म्हणून सिलिंडर किती उरला हे ज्योतीवरून नव्हे, वजनकाट्यावर ठेवून कळते. इथेही तेच. एसी चालू करून दोन्ही बाजूंचे दाब वाचले तर अंदाज येतो, पण त्यातही कंडेन्सर कचऱ्याने तुंबला असेल, त्याचा पंखा मंदावला असेल किंवा व्हॉल्व अडकला असेल, तर काटे भलतेच बोलतात. खात्रीचा मार्ग एकच : आतला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, वजन करायचे आणि गाडीवरच्या लेबलवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढे तोलून परत भरायचे. पाइप गार लागेपर्यंत भरणे म्हणजे कधी कमी, कधी जास्त. जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर विनाकारण ताण येतो, ही गोष्ट गॅरेजात सांगितली तर अजूनही हसतात.

व्हॅक्यूमचेही असेच. पंप लावायचा तो केवळ हवा काढायला नाही, पाणी काढायला. दाब वातावरणाच्या साधारण चोविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरला की पाणी ३० अंशांनाच उकळू लागते आणि वाफ होऊन पंपातून निघून जाते. त्याला वेळ लागतो. अर्धा तास तरी. नंतर पंप बंद करून काटा जागचा हलतो का ते पाहायचे असते. हलला तर गळती आहे, आणि गॅस भरण्याआधीच ती समजली. आत राहिलेल्या ओलाव्याचे पाणी एक्स्पान्शन व्हॉल्वच्या तोंडाशी गोठते आणि एसी मध्येच गार, मध्येच कोमट असा खेळ करू लागतो. उरलेला ओलावा तेलाशी संयोग पावून आम्ल बनवतो आणि ते आम्ल ॲल्युमिनियम आतून खाते. हा ओलावा शोषायलाच ड्रायर असतो. यंत्रणा उघडी पडली की ड्रायर बदलायचा, हे पुस्तकातले वाक्य. आणि "अजून चांगला आहे, राहू द्या" हे गॅरेजातले. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या अनेक कंपन्या ड्रायर बदलल्याचा पुरावा नसेल तर नव्या कॉम्प्रेसरची वॉरंटी नाकारतात, यावरून त्या छोट्या डब्याचे मोल कळावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते तेल. कॉम्प्रेसरला इंजिनासारखी वेगळी ऑइल संप असते असे अनेकांना वाटते. बहुतेक गाड्यांत त्याचे तेल गॅसबरोबरच यंत्रणाभर फिरते आणि परत येते. म्हणून जिथे गॅस गळतो तिथे तेलही येते आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. अनुभवी एसीवाला गेज काढण्याआधी टॉर्च काढतो तो हा डाग शोधायला : कंडेन्सरच्या कडेला, नळीच्या प्रेस केलेल्या टोकाशी, कॉम्प्रेसरच्या क्लचमागे. डाग सापडला की साबणाचे पाणी लावून बुडबुडा बघायचा. बऱ्याचदा दोषी निघते ती काही रुपयांची ओ-रिंग. त्यातही या गॅसला आणि तेलाला टिकणारी रिंग वेगळ्या रबराची, बहुधा हिरवी असते. खोक्यात हाताला लागली ती काळी रिंग बसवली की सहा महिन्यांनी गाडी पुन्हा दारात.

आणि ज्याने पिन दाबून गॅस उडवला, त्याने तेलही उडवले. किती उडाले हे कुणी मोजले नाही, किती घालायचे हे कुणाला माहीत नाही. दोन-तीन उन्हाळे असे गेले की कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एके दिवशी जाम होतो. जाम होताना त्याच्या धातूचा बारीक चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. नव्या प्रकारच्या कंडेन्सरच्या नलिका फार बारीक असतात. त्यात शिरलेला चुरा फ्लशिंगने पुरता निघत नाही. म्हणजे कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, व्हॉल्व आणि ड्रायरही गेले. हे न करता जुन्या बाजारातून फक्त कॉम्प्रेसर आणून बसवला तर तोही वर्षाच्या आत त्याच वाटेने जातो, आणि मालक म्हणतो, "या गाडीला कॉम्प्रेसर टिकतच नाही." ओ-रिंगच्या जागी हजारोंचे बिल होते ते असे. त्या बिलानंतर ट्रकमालक काय करेल? पट्टा काढून टाकेल. आपल्या नियमाने बसवलेली वातानुकूलित केबिन मग कागदावर वातानुकूलित राहील.

विदर्भापुरते एक जास्तीचे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या ट्रकांच्या जाळीत तंतू अडकतात. कंडेन्सर धुतला तरी पुरे, पण उलट बाजूने, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पाती आडवी होतात आणि हवा जायची ती वाटही बंद.

पंखे, फिल्टर आणि पट्ट्यांबद्दल मंत्र्यांना पत्र लिहायचे नसते. लिहायचे ते गॅसबद्दल.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आजही आर-१३४ए आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा आर-१२ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी हा आला. ओझोनला तो काही करत नाही. पण हवा तापवण्याची त्याची ताकद किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते. म्हणजे पिन दाबून एक किलो हवेत सोडला तर साधारण ५३० लिटर डिझेल जाळल्याएवढा परिणाम. लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक तेवढ्या डिझेलमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग तीनदा पार करील. गॅरेजातली ती फुस्स अर्ध्या मिनिटाची असते.

भारताने २०२१ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मंजुरी दिली. तिच्यानुसार अशा वायूंचा वापर आपल्याला २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून कमी करत जायचे आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात गाठायची आहे. आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कारखान्यातून निघालेल्या ट्रकचा तिसरा उन्हाळा येतो तो २०२८ चा. एसीच्या गळत्या डोके वर काढतात ते याच सुमारास. एकीकडे गॅसची मागणी चढत असेल आणि त्याच वर्षी पुरवठ्याला झाकण बसेल. युरोपात असे झाकण घट्ट झाले तेव्हा, २०१७-१८ मध्ये, आर-१३४एचे भाव कित्येक पटींनी उसळले आणि मागोमाग चोरटा गॅस बाजारात आला.

चोरटा आणि भेसळीचा गॅस ही केवळ पैशांची बाब नाही. २०११ मध्ये जहाजांवरचे शीतकंटेनर अचानक फुटू लागले. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार दगावले. शोध घेता निघाले असे की व्हिएतनाममध्ये दुरुस्ती करताना त्यांत आर-१३४एच्या नावाने मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला होता. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून असे रसायन बनवतो की जे हवा लागताच पेट घेते. गाडीचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच असतो. कॅनवरचे नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही, आणि गॅस ओळखणारे यंत्र बहुतेक गॅरेजांनी पाहिलेलेही नाही.

मग करायचे काय? अमेरिकेने हा प्रश्न १९९० सालच्या स्वच्छ हवा कायद्यातल्या ६०९ व्या कलमाने सोडवायला घेतला. पैसे घेऊन गाडीचा एसी दुरुस्त करणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवे आणि गॅस काढून घेणारे मान्यताप्राप्त यंत्र हवे. परीक्षा फार अवघड नाही, पुस्तक समोर ठेवून देता येते. पण ती देताना माणूस निदान एकदा ते पुस्तक उघडतो. १९९५ पासून तिथे आर-१३४ए हवेत सोडणे हा गुन्हा आहे. अमेरिकेचे सगळेच उचलायचे असे नाही. हे मात्र स्वस्तात उचलता येण्यासारखे आहे.

आपल्याकडेही २०१९ च्या भारत शीतलन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य लिहिले होते. तो आराखडा पर्यावरण खात्याचा, आणि ओझोन करारापोटी होणाऱ्या प्रशिक्षणाचा भर घरगुती एसीतल्या आर-२२ वर राहिला, ते साहजिकही होते. गाडीचा एसीवाला दोन खात्यांच्या मधोमध राहिला. आयटीआयमध्येही तीच अडचण. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम वेगळा, फ्रिज-एसीचा वेगळा. पहिल्याला गाडी येते, दुसऱ्याला गॅस येतो. हायवेवरचा एसीवाला बहुधा या दोन्हींपैकी कुठूनच आलेला नसतो. तो कुण्या उस्तादाच्या हाताखाली स्पॅनर देत-देत शिकलेला असतो. त्याचा हात चांगला असतो, कानही तयार असतो. क्लचचा आवाज ऐकून तो बेअरिंग सांगतो. त्याला कॉलेजात बसवायची गरज नाही. शनिवार-रविवारचा वर्ग, मराठीत किंवा हिंदीत, आणि शेवटी एक चाचणी. राज्यात एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. जागा आणि शिकवणारे हात या दोन्हींसाठी परिवहन महामंडळाशी बोलणे आपल्याला अवघड नाही.

यंत्राचा खर्च हा खरा अडसर आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. रिकव्हरी मशीन एकट्या छोट्या गॅरेजाला परवडत नाही. पण ट्रान्सपोर्टनगरात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दहा गॅरेजांत एक परवडते. महामार्गांच्या कडेला आपले खाते जी सुविधा केंद्रे उभी करत आहे, तिथेही एखादे ठेवता येईल. काढलेला गॅस गाळून त्याच गाडीत परत जातो आणि नवा कमी लागतो, त्यामुळे भाव चढतील तसे हे यंत्र स्वतःचे पैसे स्वतः फेडू लागेल. २०२८ नंतर तर नक्कीच.

दोन गोष्टींना मात्र खर्च जवळजवळ शून्य आहे आणि त्या अधिसूचनेतल्या दुरुस्तीने होतील. पहिली, लेबल. गॅसचा प्रकार, ग्रॅममधले वजन आणि तेलाचा प्रकार ही माहिती आज बॉनेटखाली इंग्रजी बारीक अक्षरांत असते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुसली जाते. ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला, ठळक अक्षरांत ती कोरलेली असावी. तेलाचा उल्लेख मुद्दाम. इलेक्ट्रिक बस आणि ट्रकमध्ये कॉम्प्रेसरची मोटर त्याच तेलात बुडालेली असते, म्हणून तिथे विद्युतरोधक तेल लागते. नेहमीचे तेल चुकून घातले तर इन्सुलेशन जाते. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही एसीकडेच असते. तिथे एसी बिघडणे म्हणजे नुसता घाम येणे नव्हे.

दुसरी, बिल. "एसी गॅस : १,८०० रुपये" एवढे लिहून चालू नये. किती ग्रॅम निघाला, किती भरला, गळती कुठे सापडली, या तीन ओळी बिलावर सक्तीच्या कराव्यात. पहिली ओळ भरायची तर गॅस काढून तोलावा लागेल. तिसरी ओळ सलग दोन वर्षे कोरी दिसली तर मालकाचा हिशेबनीसच प्रश्न विचारील, त्याला हवामानाचे काही पडलेले नसले तरी.

शेवटी भंगार. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रे उभी राहत आहेत आणि ती वाढावीत असा आपला आग्रह जाहीर आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीचे इंजिन ऑइल, कूलंट आणि बॅटरी वेगळी काढली जाते. एसी असलेल्या गाडीतून किती ग्रॅम गॅस काढला, याचा एक रकाना गाडी मोडल्याच्या प्रमाणपत्रावर वाढवावा. गॅस कटरने नळी कापण्याआधी कुणीतरी मशीन लावले होते, याची तेवढी तरी नोंद राहील, आणि किगालीच्या हिशेबासाठी पर्यावरण खात्याला लागणारा आकडा आपल्याच दफ्तरी तयार मिळेल.

कळावे.